‘जेवले’ म्हणतेस, पण जेवतेस कुठं?

अक्का, नमस्कार. मी विद्यापीठात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव मंगळवेढ्याकडचं. सोलापुरात बाळे भागात चौघी मिळून कॉट बेसिसवर राहतो. तीन-चार महिने झाले, सारखा थकवा असतो. जिना चढले की धाप लागते, केस मूठमूठ गळतात, वाचलेलं डोक्यात राहत नाही. मागच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या डोळ्यांपुढं अंधारी आली, मैत्रिणीनं धरलं म्हणून पडले नाही. रात्री दहाला अभ्यासिकेतून येते, मग रूमवर दोन-तीनपर्यंत वाचते. वाचते म्हणजे अर्धा वेळ मोबाइलच हातात असतो. उठायला नऊ होतात, नाश्ता राहतो. दिवसात पाच-सहा चहा होतात. अभ्यासिकेतलं मुलींचं बाथरूम वापरण्यासारखं नाही, म्हणून तिकडं जायच्या आधी पाणी पीत नाही. बाबांची डाळिंबाची बाग यंदा तेल्या रोगानं गेली, त्यामुळं सप्टेंबरपासून एकाच वेळचा डबा लावलाय, महिन्याला बाराशे वाचतात. मैत्रीण म्हणते मल्टिव्हिटॅमिन घे, योगा कर. लिंबू-मध घेऊन पाहिलं, फरक नाही. नेट आणि एमपीएससी या दोन्ही परीक्षांचा अभ्यास चालू आहे. कधी कधी वाटतं, सगळं एकदाचं बंद व्हावं. विद्यार्थ्यांनी तब्येत कशी सांभाळावी, दिनक्रम कसा असावा, ते सांगा. नाव छापू नका.

*

पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तू जसं लिहिलंस तसंच वाचलं. थकवा, केस, चहा, मोबाइल. म्हटलं, नेहमीचंच आहे, दिनक्रम लिहून देऊ. दुसऱ्यांदा वाचताना तेल्याच्या वाक्यापाशी अडखळले. बाथरूम आणि मल्टिव्हिटॅमिन यांच्या मधे तू ते असं सरकवून दिलंयस, जसं काही त्याचा या सगळ्याशी संबंधच नाही. वॉर्डात तीस वर्षं सिस्टर म्हणून काढल्यावर एक सवय लागते. पेशंट जे मोठ्यानं सांगतो ते ऐकायचंच, पण जाता जाता जे सांगतो ते लिहून ठेवायचं.

पण त्याच्याही आधी दुसरं एक वाक्य. ‘सगळं एकदाचं बंद व्हावं.’

हे थकलेल्या माणसाचं नुसतं बोलणंही असू शकतं. परीक्षेच्या दिवसांत अर्धं होस्टेल असं बोलतं. तरी मी सरळ विचारते, कारण आडून आडून विचारल्यानं कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. बंद व्हावं म्हणजे अभ्यास, की जगणंच? जिवाचं काही बरंवाईट करावं असा विचार एकदा जरी आला असेल, तर हे पत्र पुढं वाचायच्या आधी १४४१६ लाव. मनाच्या आजारांसाठीच्या टेलिमानस सेवेचा नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्री तीनलाही चालू असतो, मराठीत बोलता येतं. फोनवर रडू आलं तरी चालतं, तिकडच्या माणसाला त्याची सवय असते. आणि त्या रात्री एकटी राहू नकोस, रूममेटला उठव. झोपमोड झाली म्हणून कुणी मैत्री तोडत नाही.

विचार तिथपर्यंत गेला नसेल, पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच रस वाटत नसेल, उगाच रडू येत असेल, तर सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. सकाळच्या ओपीडीला केसपेपर काढायचा आणि जायचं. तू अठरा पूर्ण आहेस, घरच्यांची सही लागत नाही आणि डॉक्टर तुझ्या परवानगीशिवाय गावाकडं काही कळवत बसत नाहीत. तुझ्या विभागातही समुपदेशक कोण आहे ते विचार. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक तरी समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. तेव्हा विचारायला लाजू नकोस, तो तुझा हक्कच आहे.

आता तेल्याकडं येते.

तू विचारतेस, विद्यार्थ्यांनी तब्येत कशी सांभाळावी. सगळ्या विद्यार्थ्यांचं मला ठाऊक नाही. तुझं मात्र उघड दिसतंय: तू उपाशी आहेस. तुझ्या पत्रातलं जवळजवळ सगळं तिथून निघतं. सकाळचा नाश्ता नाही, दुपारी बहुधा कँटीनला वडापाव नाहीतर समोसा, मधे चहा आणि रात्री एक डबा. असे चार महिने. त्यावर योगा काय करणार? रिकाम्या पोटी सूर्यनमस्कार घातलेस तर आणखी एकदा अंधारी येईल, एवढंच.

पहिलं काम रक्ततपासणी. या आठवड्यातच. अभ्यास पुढच्या आठवड्यात संपणार नाहीये, त्यामुळं थांबण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना हे पत्रात लिहिलंस तसंच्या तसं सांग आणि सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची आणि हिमोग्लोबिनची तपासणी, करून घे. ते बहुधा जोडीला फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-बारा आणि थायरॉइडही बघतील. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन बारा ग्रॅमच्या वर हवं. आठ ते अकराच्या मधे आलं तर मध्यम रक्तक्षय, आठच्या खाली गेलं तर गंभीर. धाप, केस, अंधारी, डोक्यात काही न राहणं, ही सगळी लक्षणं कमी रक्ताशी जुळतात. आरशासमोर उभी राहून खालची पापणी जरा ओढून बघ, आतून लालसर दिसते की फिकी. मी ड्यूटीवर येणाऱ्या नव्या पोरींच्या पापण्या अशाच बघायची, त्या वैतागायच्या. पापणीवरून आकडा कळत नाही, पण फिकी दिसली की लॅबला जायला पाय तरी उचलतो.

तू एकटी नाहीस. आपल्या राज्यात निम्म्याच्या आसपास बायकांचं रक्त कमी आहे, पाहणीमागून पाहणीत हेच येतं. म्हणून ते साधं असतं असं नाही. आपण त्याला सरावलोय, एवढंच.

डॉक्टरांना पाळीचंही सांग. सात दिवसांहून जास्त जाते का, पॅड तासा-दोन तासांनी बदलावं लागतं का. हे सांगताना पोरी खाली बघतात आणि ‘नॉर्मल आहे’ म्हणून मोकळ्या होतात. रक्त कुठं चाललंय हेच सांगितलं नाही तर डॉक्टर काय ओळखणार?

लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या तर त्या घेण्याची एक रीत आहे. लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. चहा आणि दुधाबरोबर नाहीत, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीतच. चहातले घटक लोह अडवतात, ते रक्तात जाऊच देत नाहीत. म्हणून जेवणाच्या आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा बंद. पाच-सहा चहा पिणाऱ्या बाईला हा हिशेब कठीण जाणार, मला माहीत आहे, मीही चहाबाज आहे. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. पोट जड वाटलं तर जेवणानंतर घे, पण सोडू नकोस. आकडा बारावर आला की पोरी गोळ्या बंद करतात आणि सहा महिन्यांत पुन्हा माझ्यासारखीच्या पुढ्यात येऊन बसतात. अंगातला साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. आणि मैत्रिणीच्या सल्ल्यानं मेडिकलमधून काहीबाही आणू नकोस. रक्त प्रत्येक वेळी लोहामुळंच कमी होतं असं नाही. कधी बी-बारा कमी असतं, कधी आणखी काही. ते रिपोर्ट सांगेल.

गूळ-शेंगदाण्यानं आणि बिटानं रक्त वाढतं, असं तुला दहा जण सांगतील. गूळ-शेंगदाणे जरूर खा, पोटाला आधार आहे. पण नऊवर गेलेलं हिमोग्लोबिन गुळाच्या खड्यानं वर येतं, यावर माझा विश्वास नाही. बिटाचा फक्त रंग लाल असतो. आणि तुझ्या लिंबू-मधानं कुणाचं वाईट होत नाही, पण चांगलंही होत नाही. ते लिंबू जेवणावर पीळ, तिथं ते कामाला येईल. डाळी-भाजीतलं लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते.

आता जेवण. बाराशे रुपये वाचतात म्हणतेस. ठीक आहे, हिशेब मांडू. डॉक्टरांची फी, तपासण्या, गोळ्या, चक्कर आली म्हणून बुडालेलं प्रॅक्टिकल आणि दिवसाचे पाच-सहा चहा नि एक वडापाव, यांचा जमाखर्च एकदा वहीत लिहून बघ. तू विज्ञानाची विद्यार्थिनी आहेस, तुला बेरीज मी शिकवायला नको. दुसऱ्या वेळचा डबा पुन्हा लाव. आणि तेवढं जमेपर्यंत तुझ्या कॉटखाली काय आहे ते बघ.

मी पैज लावते, कॉटखाली स्टीलचा डबा आहे. मंगळवेढ्याकडची मुलगी सोलापुरात राहते आणि तिच्या आईनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी एसटीनं पाठवली नाही, असं होणं शक्य नाही. मालदांडी ज्वारीच्या पट्ट्यात जन्मलीस तू. ती पापडासारखी पातळ भाकरी, हातात घेतली की कडकन मोडते, आठ-पंधरा दिवस टिकते, गॅस लागत नाही. तुकडे करायचे, वर दही ओतायचं, चटणी, कांदा, लिंबू. पाच मिनिटं मुरू द्यायचं. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागं पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. प्रोटीनच्या नावाखाली डबे विकतात, त्यातली कितीतरी पूड या चटणीपुढं पाणी भरेल. सकाळी नऊ वाजता हे जेवण कुठल्याही कँटीनपेक्षा बरं. मग तो डबा कॉटखाली का राहतो? मला वाटतं, रूमवर सगळ्यांसमोर भाकरी काढायला संकोच वाटतो. तसं असेल तर एकदा उघडून बघ. चटणी चार दिवसांत संपली तर मला दोष देऊ नकोस.

बाकी स्वस्तातलं म्हणजे रात्री भिजवलेले हरभरे, मोडाची मटकी, फुटाणे. अंडी खात असशील तर दिवसाला दोन उकडलेली. सध्या पेरू आहेत, आवळे आहेत. पेरूत संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं आणि तो हातगाडीवर मिळतो. यादी आणखी लांबवत नाही. दोन वेळा पोटभर आणि सकाळी काहीतरी, एवढं साधलं तरी पुष्कळ.

पैशाचं मात्र बाबांना न विचारता तू एकटीनंच ठरवलंस, बरोबर ना? आई रोज संध्याकाळी फोन करते, ‘जेवलीस का गं?’ आणि तू म्हणतेस, ‘जेवले.’ तू पत्रात हे लिहिलेलं नाहीस. पण एक वेळ जेवणारी मुलगी फोनवर दुसरं काय म्हणणार?

तुझ्या मनात काय असेल ते मला कळतं. तिकडं बाग काढून टाकलेली, कर्ज डोक्यावर, आणि आपण इथं शिकतोय म्हणजे आधीच भार. त्यात जेवणाचे पैसे कसे मागायचे? पण पोरी, त्या माउलीनं मुलगी उपाशी राहावी म्हणून भाकऱ्या थापून एसटीनं पाठवल्या नाहीत. उद्याच्या फोनवर दोनच वाक्यं सांग. ‘आई, मी एकाच वेळचा डबा लावलाय. मला चक्कर आली होती.’ ती रडेल, चिडेल, बाबांना सांगेल. एक अवघड संध्याकाळ जाईल. पण त्यानंतर हे तुम्ही तिघं मिळून ठरवाल. आत्ता तू एकटी ठरवतेस आणि जेवणच कापतेस. घरात पैसा आटला की बायकांच्या ताटातलं आधी कमी होतं, हे मी आयुष्यभर पाहत आलेय. त्यात आणखी एकीची भर नको.

आणि पैशाची खरी सोय कुठून होईल ते विभागातच विचार. ‘कमवा व शिका’मध्ये जागा आहे का? सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्त्याची, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे, ती तुझ्या अभ्यासक्रमाला लागू होते का? ऑफिसमधल्या क्लार्कला एकदा नाही, तीनदा विचार. तिसऱ्यांदा विचारल्यावर फाईल हलते.

झोपेचं आता.

माझे वडील गिरणीत होते. त्या काळी सोलापूरचे दिवस-रात्र भोंग्यावर चालायचे आणि आमच्या चाळीत निम्मे पुरुष आलटून-पालटून रातपाळी करायचे. वडील सकाळी सातला घरी यायचे. आंघोळ, भाकरी, आणि खिडकीवर जाड चादर लावून आडवे. आम्ही भावंडं दुपारपर्यंत कुजबुजत बोलायचो. कुणी भांडं वाजवलं तर आईचा हात पाठीत. लहानपणी मला वाटायचं, किती लाड चाललेत. पुढं मी स्वतः नाइट ड्यूटी करायला लागले तेव्हा कळलं की ते लाड नव्हते, रातपाळी करणाऱ्याचं ते इमान होतं. रात्र शरीरातून गेली तर दिवसा ती परत द्यायची.

तू चार महिने तिसरी पाळी करते आहेस, पण परत काही देत नाहीस. आणि ती पाळीही धड नाही, अर्धी मोबाइलवर. आता चहाचं ऐक. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग अंगातून जायलाच पाच-सहा तास लागतात. म्हणजे रात्री नऊच्या चहातला निम्मा दोन वाजताही तुझ्या अंगात जागा असतो, मग झोप कुठून येणार? दुपारी चारनंतर चहा बंद. रूममेटचं एनर्जी ड्रिंक असेल तर तेही याच हिशेबात धर.

आणि वाचलेलं डोक्यात का राहत नाही? दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेत लावून ठेवतो. झोपच कापलीस तर ते दारातच पडून राहतं. तुझ्या वयाला सात ते नऊ तास लागतात. एकदम दहाला झोपायला जाऊ नकोस, छताकडं बघत पडशील आणि माझ्या नावानं बोटं मोडशील. उठायची वेळ आधी धर. साडेआठ, चार दिवसांनी आठ, मग साडेसात, रविवारीसुद्धा तीच. उठलीस की गच्चीवर जाऊन दहा मिनिटं उन्हात उभी राहा, हातात भाकरी असली तरी चालेल. झोपायची वेळ आपोआप अलीकडं सरकते. मोबाइल रात्री कॉटपासून लांब, दुसरीच्या चार्जरला लाव. चौघींनी मिळून केलं तर जमतं, एकटीनं करायला गेलं की तिसऱ्या दिवशी मोडतं.

नेट आणि एमपीएससी एकाच वेळी, यावर मी फार बोलणार नाही, ते माझं क्षेत्र नाही. पण दोन्हींचा अभ्यासक्रम समोर ठेवून हे वर्ष कुणाचं, ते ठरव. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याला रात्री झोप लागत नाही, हे मी अभ्यासाच्या बाहेरही पुष्कळ पाहिलंय.

पाणी न पिण्याची गोष्ट तू एका ओळीत उरकलीस, पण ती मला चहाहून जास्त खुपते. पाणी तोडायचं, लघवी दाबायची, पाच-पाच तास. मुलींमध्ये लघवीच्या जंतुसंसर्गाला हेही निमित्त होतं. जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं असेल तर लघवीची तपासणी. ताप-थंडी किंवा पाठीत दुखणं आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. लघवीचा रंग फिका राहील इतकं पाणी पोटात जायला हवं. आणि अभ्यासिकेच्या मालकाला चार-पाच मुलींनी मिळून सांगा, लेखी. फी मुलांइतकीच घेतो ना? मग बाथरूम धुवून घेणं, आतली कडी नीट बसवणं आणि एक झाकणाची बादली ठेवणं, एवढं करायला त्याला जड जाऊ नये. नाही ऐकलं तर अभ्यासिका बदला, शहरात त्यांना तोटा नाही.

रूमवरच्या पाण्याचंही बघून घे. आपल्याकडं नळ रोज येत नाही, पिंपं भरून ठेवावी लागतात, आणि डेंगीचा डास नेमका अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. पिंपाला घट्ट झाकण, आठवड्यातून एकदा रिकामं करून घासायचं. चौघींच्या पाळ्या लावा. मार्चनंतर ऊन चाळिशीपार जाईल, तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली आणि ओआरएसची दोन पाकिटं राहू देत. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा, डावलं नव्हे. आमच्याकडं एकजण डावल्यानं मीठ घालून आली होती.

मैत्रीण योगा कर म्हणते, त्या व्यायामाचं. रिपोर्ट येईपर्यंत धावाधाव नको. अंधारी येते तोवर संध्याकाळी मैत्रिणीबरोबर अर्धा तास चाल, पुरे. सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरेल तेव्हा तिकडं एक संध्याकाळ जाऊन ये, पुस्तक न घेता. पाळण्यात बसू नकोस मात्र, हिमोग्लोबिन कळेपर्यंत.

तर या आठवड्यात सोमवारी किंवा मंगळवारी रक्त. उद्या आईला फोन. आजच्या आज कॉटखालचा डबा वर. बाकीचं या तीन गोष्टी झाल्यावर. रिपोर्ट आला की आकडा मला कळव, आणि आई काय म्हणाली तेही.

तुझी,
अक्का